रेस्क्यू कुत्रा घरी आणताय? कोकणातल्या घरासाठी तयारीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत

मालवण-देवगड पट्ट्यात मी गेली काही वर्षं रेस्क्यू, म्हणजे रस्त्यावरच्या किंवा कोणी सोडून दिलेल्या कुत्र्यांना घरं शोधून द्यायचं काम करते. दिलेला कुत्रा परत येतो ना तेव्हा कारणं ठरलेली असतात, चावला, पळाला, रात्रभर भुंकतो, नाहीतर "आम्हाला वाटलेलं तसा नाही निघाला". नीट विचारत गेलं की कळतं सगळं उलट्या क्रमाने झालेलं असतं. आधी कुत्रा आणला मग त्याला जागा शोधली, आधी अख्ख्या वाडीला दाखवला मग डॉक्टरकडे नेला, जात ठरवून ठेवलेली पण समोरचा कुत्रा अर्धा तास बसून बघितलाच नाही. म्हणून खाली क्रमाने लिहिते आणि कळकळीने सांगते की मधली पायरी गाळू नका, त्या गाळलेल्या पायरीचे हाल कुत्रा भोगतो.

## १. आधी कॅलेंडर, मग अंगण

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. गणपतीला घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, मुलं हट्ट धरतात आणि कुत्रा येतो. नवीन जागा, पंचवीस माणसं, आरत्या, फटाके, आणि अकराव्या दिवशी सगळे मुंबईला परत, घरात आजी-आजोबा दोघंच आणि एक घाबरलेला कुत्रा. असं करू नका. गणपती, दिवाळी, शिमगा, मे महिन्याची सुट्टी आणि तुमच्या गावची जत्रा, यांच्या आधीचे १५ दिवस आणि ते दिवस सोडून द्या. दिवाळीनंतर ते शिमग्याच्या आधीपर्यंतचा काळ चांगला, जत्रेची तारीख तेवढी बघून घ्या. पिल्लंही तेव्हाच जास्त असतात, कारण भादव्यात कुत्र्यांचा माज असतो आणि साधारण ६३ दिवसांनी पिल्लं होतात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे.

आता अंगणात कुत्र्याच्या उंचीवर बसून एक फेरी मारा, खरंच खाली बसून.

गडगा किती उंच आहे? कंबरेएवढा गडगा गावठी कुत्रा सहज उडी मारून पार करतो, आणि पावसात चिरे ढासळून जी फट पडते त्यातून पिल्लू निघून जातं. विहिरीला कठडा आहे का? मांगरात उंदराचं औषध ठेवलंय का, आंब्याच्या फवारणीचे रिकामे डबे कुठे पडलेत, मासेमारी असेल तर गळ आणि जुनी जाळी कुठे टाकलीत? हे सगळं कुत्रा यायच्या आधी उचलायचं, "बघू नंतर" म्हणून नाही.

झोपायची जागा पडवीच्या कोपऱ्यात, जिथून माणसांची ये-जा नाही आणि पावसाची झड येत नाही अशी. खाली फळी, फळीवर गोणपाट किंवा जुनी गोधडी. थेट कोब्यावर किंवा सारवलेल्या ओल्या जमिनीवर झोपवलं तर पावसाळ्यात अंगाला बुरशी धरते, केस जातात.

इशारा: रात्री अंगणात बांधून ठेवायचा विचार असेल तर कुत्रा आणू नका. आपल्याकडे बिबट्या वाडीत येतो तो बऱ्याचदा कुत्र्यासाठीच, आणि साखळीला बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. रात्री दाराच्या आत. दिवसाही कायम बांधून ठेवणं, त्याला अजिबात फिरवायला न नेणं ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे क्रूरता आहे.

तपासा: खायला कोण घालणार, शी-शू कोण काढणार, तुम्ही मुंबईला गेलात तर कोण सांभाळणार, या तीन प्रश्नांपुढे माणसांची नावं लिहा. "सगळे मिळून" असं उत्तर आलं तर थांबा.

## २. जातीच्या ख्यातीवर किती विश्वास ठेवायचा

लोक फोन करतात आणि पहिलं वाक्य असतं "लॅब आहे का?" कारण लॅब म्हणजे गरीब, अल्सेशन (जर्मन शेफर्ड) म्हणजे राखणीला, डॉबरमन म्हातारपणी मालकावर उलटतो, पिटबुल खुनी, पॉमेरियन म्हणजे खेळणं आणि गावठी म्हणजे चोर. मला ह्यातलं शेवटचं सगळ्यात जास्त लागतं. डॉबरमनचा मेंदू वाढतो आणि कवटीत मावत नाही म्हणून तो वेडा होतो ही गोष्ट मी शिकल्या-सवरलेल्या माणसांकडून ऐकलीय, त्यात काही तथ्य नाही.

२०२२ साली सायन्स या विज्ञानपत्रिकेत एक मोठा अभ्यास आला. १८,००० हून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली होती आणि दोन हजारांवर कुत्र्यांचे जीन्स वाचले होते. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येत होता. म्हणजे जात अगदीच निरर्थक नाही, गुरं-मेंढ्या राखायला पैदास केलेले कुत्रे सांगितलेलं लवकर शिकतात असं दिसतं, पण "ह्या जातीचा आहे म्हणजे चावणार" किंवा "ह्या जातीचा आहे म्हणजे पोरांनी शेपूट ओढली तरी चालेल" हे दोन्ही अंदाज सारखेच चुकीचे. दुसऱ्या अंदाजाने मुलं जास्त जखमी होतात असं माझं मत आहे, कारण गरीब समजल्या गेलेल्या लॅबकडे कोणी लक्षच देत नाही.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटविलर वगैरे २३ जाती पाळण्या-विकण्यावर बंदी घालायला सांगितलं होतं, ते पत्र एप्रिलमध्ये कर्नाटक हायकोर्टाने रद्द केलं. तरी मोठ्या ताकदीच्या कुत्र्याबद्दल एक खरं आहे ते लपवत नाही. तो चावला तर जखम मोठी होते. म्हणून पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याने, घरात लहान मूल असताना, इतिहास माहीत नसलेला रॉटविलर घेऊ नये असं मी स्पष्ट सांगते, ती जात वाईट म्हणून नाही तर चूक झाली तर सावरायला जागा कमी म्हणून.

जातीवरून जे पक्कं कळतं ते शरीराचं, आणि कोकणात तेच बघायला हवं:

हस्की, सेंट बर्नार्ड थंड प्रदेशातले, आपल्या दमट हवेत एसीशिवाय त्यांचे हाल होतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मे महिन्यात श्वास पुरत नाही, दुपारच्या दहा मिनिटांच्या फेरीत उष्माघात होऊ शकतो. लॅब, जर्मन शेफर्डना खुब्याच्या सांध्याचं दुखणं असू शकतं, गुळगुळीत लादीवर ते वाढतं. कारवान ह्या शिकारी जातीला धावायला मोकळं रान लागतं. गावठीचं अंग आखूड केसांचं, ह्याच हवेत पिढ्यानपिढ्या राहिलेलं, आणि माझा अनुभव असा की आपल्या घरांना तोच सगळ्यात जास्त मानवतो. बंगले-रिसॉर्टवाल्यांनी हौसेने आणलेले आणि पावसाळ्यात सोडून दिलेले जातीचे कुत्रेही आमच्याकडे येतात, तेव्हा लॅबच हवा असेल तरी विकत घ्यायच्या आधी एकदा रेस्क्यूवाल्यांना विचारा.

## ३. कुत्रा बघायला जाताना

एका भेटीत ठरवू नका, निदान दोनदा जा, एकदा सकाळी आणि एकदा त्याच्या जेवणाच्या वेळी. घरातल्या मुलांना दुसऱ्या भेटीला न्या, पहिल्या नको.

जाऊन काय करायचं, तर बसायचं. कुत्र्याच्या बाजूला, तोंड थोडं दुसरीकडे करून, हात मांडीवर. त्याला यायचं तर तो येईल. आला, हुंगलं, अंग सैल आहे, शेपूट कमरेसकट हलतेय तर छातीला किंवा मानेच्या बाजूला तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. परत जवळ सरकला तर त्याला हवंय. तिथेच थिजला, तोंड फिरवलं, ओठ चाटले, अवेळी जांभई दिली, डोळ्याचा पांढरा भाग दिसला, तर त्याला नकोय आणि ते त्याने सभ्यपणे सांगितलंय. शेपूट हलते म्हणजे खूश हे अर्धवट आहे, ताठ उभी धरून बारीक थरथरवलेली शेपूट ही ताणाची खूण असते.

सांभाळणाऱ्याला हे विचारा: कुठून आणला, किती दिवस झाले, दुसरे कुत्रे-मांजरं-कोंबड्या बघून काय करतो, ताटलीजवळ कोणी गेलं तर काय करतो, कधी चावलाय का आणि तेव्हा काय चाललं होतं, लसी कुठल्या झाल्या आणि कार्ड आहे का, नसबंदी झालीय का. कोंबड्यांचा प्रश्न विसरू नका. शेजाऱ्याच्या दोन कोंबड्या मारल्या म्हणून परत आलेला कुत्रा मी बघितलाय, आणि तो कोंबड्यांमागे लागतो हे आधी सांभाळणाऱ्याला माहीत होतं पण कोणी विचारलंच नाही.

पिल्लू घेणार असाल तर ते आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळ राहू द्या. आई आणि भावंडांबरोबर खेळताना किती जोरात चावायचं नाही हे ते तिथे शिकतं, आणि महिन्याभराचं पिल्लू उचलून आणलं की तेच चावरं म्हणून बदनाम होतं. खरं सांगायचं तर म्हाताऱ्या माणसांच्या घरात पिल्लापेक्षा तीन-चार वर्षांचा शांत कुत्रा बरा, त्याचा स्वभाव समोर दिसत असतो.

तपासा: शक्य असेल तर १५ दिवस "फॉस्टर" म्हणजे तात्पुरता सांभाळायला न्या, कायमचं नंतर ठरवा. चांगला रेस्क्यूवाला याला नाही म्हणत नाही.

## ४. कुत्रा घरी आणायच्या आधी डॉक्टर, पावसाच्या आधी लस

घरी जाताना वाटेतच दवाखाना. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, तिथे बऱ्याचदा गुरांचीच गर्दी असते म्हणून आधी फोन करून वेळ विचारा.

क्रम असा: तपासणी, जंतांचं औषध, गोचिडांचं औषध, मग लस. ताप असेल किंवा कुत्रा जेवत नसेल तर आधी रक्ततपासणी करायला सांगा, गोचीडतापात हिरड्या पांढऱ्या पडतात आणि वरून कुत्रा नुसता सुस्त वाटतो. पिल्लाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची तीन महिने झाल्यावर. हा कोर्स पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बाजारात, किनाऱ्यावर खाली सोडायचं नाही, पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा आजार तिथूनच येतो.

लेप्टोचं वेगळं सांगते. उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येणारा हा आजार आपल्याकडे भातलावणीच्या दिवसांत माणसांना होतो तसाच कुत्र्यांनाही होतो, आणि कुत्र्याकडून माणसाला होऊ शकतो. पहिल्यांदा देताना लेप्टोच्या लसीचे दोन डोस लागतात, मध्ये दोन ते चार आठवडे. म्हणजे जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर धावपळ करून उपयोग नाही, एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला पहिला डोस झालेला पाहिजे. पुढे दर वर्षी.

इशारा: गुरांचं गोचीड औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला लावू नका, रॉकेल तर नकोच. आणि माणसांच्या तापाच्या-दुखण्याच्या गोळ्या देऊ नका, आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषासारखी आहे.

नसबंदीची तारीख ह्याच भेटीत ठरवून टाका. पुढच्या भादव्याची वाट बघितलीत तर दिवाळीत सहा पिल्लांना घरं शोधत माझ्याकडेच याल.

## ५. घरी यायचा दिवस

सकाळी आणा. गाडीतून उतरवताना गळ्यात पट्टा आणि अंगात हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) दोन्ही, पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैल. घाबरलेला कुत्रा मागे मागे सरकत पट्ट्यातून डोकं काढून घेतो आणि जातो, नवीन जागेतून पळाला तर त्याला परत यायची वाट माहीत नसते. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला आदल्या दिवशीच करून ठेवा.

आधी अंगणात दोरीसकट एक फेरी, शू करू द्या, मग पडवी, मग त्याचा कोपरा. सगळं घर पहिल्याच दिवशी दाखवायची गरज नाही. घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांची भेट गेटबाहेर, रस्त्यावर, दोन माणसांनी दोन दोऱ्या धरून बाजूबाजूने चालत करा. घरच्या कुत्र्याच्या ताटलीशेजारी नव्याला आणून उभं केलं की भांडण झालंच म्हणून समजा.

ओवाळायचं नाही, उचलून फोटो नाहीत, आंघोळ नाही. हो, आंघोळही नाही. वास येतोय म्हणून पहिल्या दिवशी नळाखाली धरला की तुमच्या हाताची पहिली ओळखच जबरदस्तीची होते.

खाणं तिथे जे देत होते तेच तीन-चार दिवस, मग हळूहळू तुमचं. मऊ भात, काटे काढलेला उकडलेला बांगडा, अंडं चालतं. कांदा-लसूण घातलेलं कालवण, चॉकलेट, मनुका, सुकट किंवा खारा बांगडा नको. आणि आंब्याच्या दिवसांत बाठे अंगणात टाकू नका, कुत्रा गिळतो आणि तो आतड्यात अडकून थेट ऑपरेशनपर्यंत जातं.

## ६. तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने

रेस्क्यूवाले हा हिशोब अंदाजासाठी वापरतात. पहिले तीन दिवस कुत्रा नीट जेवणार नाही, कोपऱ्यातून हलणार नाही, किंवा उलट अतिशय शहाण्यासारखा वागेल. दोन्हीवरून मत बनवू नका. बोलावू नका, ओढून बाहेर काढू नका, ताटली ठेवा आणि निघून जा. पण पिल्लू एक दिवस किंवा मोठा कुत्रा दोन दिवस काहीच खात-पीत नसेल तर डॉक्टर.

तीन आठवड्यांत खरा स्वभाव दिसायला लागतो आणि लोकांना वाटतं कुत्रा बिघडला. भुंकेल, चपला चावेल, एखादवेळी गुरगुरेल. गुरगुरल्याबद्दल कधीच मारू नका, ओरडूही नका. गुरगुरणं म्हणजे "मला भीती वाटतेय, मागे हो" असं तोंडाने सांगणं आहे, ते बंद केलंत तर भीती तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो न सांगता चावतो. मागे व्हा, काय चाललं होतं ते आठवा (ताटली? झोप? दुखरा पाय?) आणि ती वेळ टाळा. ताटलीवर गुरगुरत असेल तर जेवताना लांब राहा, आणि जाता-येता लांबूनच त्याच्याकडे माशाचा एखादा तुकडा टाका, आठ-पंधरा दिवसांत तुम्ही आलात की तो मान वर करून वाट बघायला लागतो.

दोरीशिवाय सोडायचं ते तीन महिन्यांनंतर, तेही गडग्याच्या आत. कातळावर मोकळा सोडू नका, फुरसं हा विषारी साप तिथेच दगडाखाली असतो. किनाऱ्यावर रापण ओढून झाल्यावर टाकून दिलेले मासे पडलेले असतात, त्यातला फुगा मासा विषारी असतो, तिथे दोरी हातातच.

## ७. कुत्र्याशी वागायची रीत, घरातल्या आणि रस्त्यावरच्या

मुलांना पाच गोष्टी कुत्रा यायच्या आधी शिकवा आणि पाहुण्यांनाही सांगा, लाजू नका: झोपलेल्याला हात लावायचा नाही, जेवणाऱ्याला नाही, पिल्लांजवळच्या कुत्रीला नाही, गळ्यात मिठी मारायची नाही, आणि कोपऱ्यात गेला की पाठी जायचं नाही. कोपरा त्याचा. लहान मूल आणि कुत्रा एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय ठेवायचे नाहीत, कुत्रा दहा वर्षं जुना असला तरी.

दुसऱ्याच्या कुत्र्याला आधी मालकाला विचारून आणि मग कुत्र्याला विचारून (वरची तीन सेकंदांची पद्धत) हात लावा. वरून डोक्यावर थापट्या मारणं बहुतेक कुत्र्यांना आवडत नाही.

रस्त्यावरचे कुत्रे अंगावर आले तर पळू नका. थांबा, हात छातीशी, नजर खाली, आणि ते शांत झाले की हळूहळू मागे सरका. बाइकच्या मागे लागले तर गाडी हळू करा, पाय वर घेऊन गाडी पळवली की माणूस पडतो, मार कुत्र्याच्या चावण्यापेक्षा जास्त लागतो. कानाला खाच पाडलेली दिसली तर त्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजची लस झालेली असते. त्याला वाडीतून हाकलू नका, त्याच्या जागी लस न झालेला दुसरा येतो.

## ८. चावला तर

घरचा असो, लस झालेला असो, पिल्लू असो, नुसतं खरचटलेलं असो. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरू नका, गावठी औषधाच्या नादात दिवस घालवू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टर सांगतील ते सगळे डोस तारखेप्रमाणे पूर्ण करा, जखम भरली म्हणून पुढचे सोडू नका. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन लागतं, ते तिथे नसेल तर मोठ्या रुग्णालयात कुठे मिळेल ते तिथेच विचारून निघा. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही. चावलेल्या कुत्र्याला मारू नका, बांधून १० दिवस लक्ष ठेवा, पण लस त्यासाठी थांबवू नका.

## ९. नाहीच जमलं तर

सगळं क्रमाने करूनही कधी कधी जमत नाही, घरात कोणाला दमा निघतो, कुत्र्याचं आणि लहान मुलाचं पटतच नाही. तेव्हा ज्याच्याकडून आणला त्यालाच फोन करा, आणि काय घडलं, कधी घडलं ते खरं सांगा, चावला असेल तर चावला म्हणून सांगा, लपवलंत तर पुढच्या घरातलं मूल जखमी होतं. आम्ही कोणी तुम्हाला बोल लावत नाही. फक्त जागा होईपर्यंत चार-आठ दिवस त्याला सांभाळा, आणि त्याची गोधडी न धुता बरोबर पाठवा, नव्या ठिकाणी पहिल्या रात्री त्याला ओळखीचा वास तेवढाच असतो.